टोपीवाला साहेब आणि आपाचा निकाह

अब्बा, तुम्हाला ती कॅसेट आठवत असेलच. न आठवून कसं चालेल, तिच्यापायी तुम्ही चाचांशी मरेपर्यंत बोलला नाहीत. मी आत्ताच अजमानहून आलोय, चाचांकडून. चप्पल दारात काढली आणि तसाच लिहायला बसलोय. सून तुमची दोनदा विचारून गेली, जेवायचं काय करताय. मी म्हटलं, थांब जरा. पस्तीस वर्षं थांबवलेली गोष्ट आहे, आता जेवणासाठी मध्येच सोडली तर पुन्हा पेन उचलेन असा माझा मलाच भरवसा नाही.

आपाचं, तुमच्या थोरल्या लेकीचं, लग्न ठरलं तेव्हा इथं दुबईजवळ रोल्लाच्या खोलीत आपण दोघंच होतो. अम्मी आपाला घेऊन गावी गेली होती, माझ्या परीक्षा होत्या म्हणून मला तुमच्यापाशी ठेवलं. नवऱ्यामुलाला कतारला परत जायचं होतं, म्हणून तारीख हलेना. आणि रास अल खोरच्या तुमच्या स्पेअर पार्टच्या गोडाऊनात नेमकं स्टॉकटेकिंग निघालं. पासपोर्ट कंपनीकडे. मॅनेजर म्हणाला, पुढच्या महिन्यात जा. पुढच्या महिन्यात काय जा? तुम्ही मोठ्या मामूंना पत्र लिहून निकाहात तुमच्या जागी बसायला वकील नेमलंत आणि ज्या सकाळी आपाचा निकाह झाला त्या सकाळी तुम्ही ब्रेक-शूची खोकी मोजत होता. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतलेत आणि मला म्हणालात, "झालं असेल आता." बस, तेवढंच.

चाचा सख्खे नव्हेत हे माझ्या मुलीला आज अजमानला जाताना गाडीत सांगावं लागलं. आपल्याच मोहल्ल्यातले, तुमच्याबरोबर एकाच वर्षी इथं आलेले, एकाच खोलीत जमिनीवर झोपलेले. मी तर लहानपणी त्यांना आपलेच समजायचो. त्या वेळी ते सुट्टीवर गावी होते. परत आले ते नेहमीसारखे साऱ्या गावाचं सामान घेऊन. कुणाचं कोकम, कुणाचं सुकट, कुणाची पत्रं, आणि तुमच्यासाठी लग्नाची व्हिडिओ कॅसेट. बुधवारी त्यांनी ती तुमच्या हातात ठेवली. तुम्ही ती फडक्यानं पुसलीत आणि टीव्हीवर ठेवलीत. मी म्हटलं, लावू या ना. तुम्ही म्हणालात, "एकटा नाही बघणार. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर सगळ्यांना बोलवू. लग्न आहे, चोरून बघायचं काय?"

आता माझं ऐका. गुरुवारी संध्याकाळी दुबईच्या इंग्रजी चॅनेलवर एक सिनेमा लागणार होता. वर्गातली सगळी मुलं आठवडाभर त्याच्याबद्दल बोलत होती. त्याला गोष्ट नाही, नुसते तुकडे, एकातून दुसरा निघतो, कशाचा कशाला पत्ता नाही आणि हसून हसून पोट दुखतं म्हणे. मला तो रेकॉर्ड करायचा होता. शनिवारी वर्गात मला पण चार वाक्यं फेकायची होती, दुसरं काय! घरात कोरी कॅसेट नव्हती. तुम्ही ओव्हरटाइमला होता. मी आपाची कॅसेट लावली आणि पळवत पुढे नेली. हळद होती. अम्मी, मामी, आपाचे पिवळे गाल. मग पडद्यावर मुंग्या आल्या, नुसती खरखर. मी मिनिटभर बघितलं, मुंग्याच. मला वाटलं, संपलं. कॅसेट तीन तासांची, लग्न संपलं, उरलेली रिकामीच आहे की. लाल बटण दाबलं.

आपल्या गावचा व्हिडिओवाला हळदीनंतर कॅमेरा बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी निकाहाला बॅटरी चार्ज करून यायचा. मध्ये मुंग्या येणारच. गावातल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक होतं ते. मी इथं वाढलेला, मला कुठून ठाऊक असणार?

शुक्रवारी खोलीत माणसं मावेनात. जिन्यावर चपलांचा ढीग. तुम्ही स्वतः बिर्याणी केली होती, मीठ जरा जास्त झालं होतं, कुणी बोललं नाही. चाचा पुढच्या रांगेत, कारण कॅसेट आणणारे ते. हळद सुरू झाली तशी तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत आणि मोठ्यानं म्हणालात, "आता निकाह." मुंग्या आल्या. आणि मुंग्यांतून काळा कोट घातलेला, गोल टोपीवाला एक गोरा साहेब पोस्ट ऑफिसात शिरला. काउंटरवर उभा राहून म्हणाला, मला स्वतःला घरी पाठवायचंय.

कुणीतरी हळूच विचारलं, "हा कोण? नवऱ्याकडचा?" दुसरा म्हणाला, "नवऱ्याच्या कंपनीचा साहेब असेल, लग्नाला आला असेल." अब्बा, कुणी चेष्टा करत नव्हतं. खरंच वाटलं त्यांना. सगळे सरळ बसून त्या साहेबाकडे अदबीनं बघायला लागले. पोस्टातल्या कारकुनाला काही नवल वाटलं नाही. त्यानं साहेबाला वजनकाट्यावर उभं केलं. वजन जास्त भरलं. साहेबानं टोपी काढली, वजन तेवढंच. मिशी काढून काउंटरवर ठेवली, तर वजन वाढलं. तेव्हा कारकुनानं त्याच्या कपाळावर तिकिटं चिकटवली आणि त्याला फळीवर नेऊन ठेवलं. तिथं अजून पाच-सहा जण बसले होते, चहा पीत. एकजण लहान असल्यापासून.

तुम्ही म्हणालात, "पुढे घे." मी घेतलं. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर पाऊस पडेल असं सांगणारा बातम्यांतला माणूस आला. "अजून पुढे." झाडाला शिंपी माप घेतोय. "अजून." असं करत कॅसेट संपली. आपाचा निकाह कुठेच नव्हता.

तुम्ही उठलात, कॅसेट बाहेर काढलीत, उलटसुलट बघितलीत. माझ्याकडे बघून विचारलंत, "तू हात लावला होतास?" मी म्हटलं, "नाही अब्बा." एका क्षणात, पापणी न हलवता. मग तुम्ही चाचांकडे वळलात. "मुंबईत सासुरवाडीला किती दिवस होतास?" चाचा म्हणाले, "दोन. पण भाई, अल्लाची शपथ, मी वरचा कागदसुद्धा उघडला नाही." तुम्ही म्हणालात, "मग काय, तुझ्या सासुरवाडीत कुणी वर टेप केलं नाही, साहेब आपोआप आला?" ते उठले, चपला शोधायला त्यांना खूप वेळ लागला. सगळे बघत होते. मीही बघत होतो.

नंतर अम्मीच्या पत्रातून कळलं, कॅसेटच्या शेवटी आपा तुमच्याशी बोलली होती. कॅमेऱ्याकडे बघून, खास तुमच्याशी. तुम्ही ते पत्र मला वाचायला दिलंत. कशाला दिलंत? मी ते वाचूनही तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दहावी झाली, बारावी झाली. तुम्ही आणि चाचा रोज त्याच पिकअपमधून रास अल खोरला जात होता, एक पुढे, एक मागे, सलाम नाही, दुवा नाही. गावात बातमी पोचली. चाचांच्या घराला लोक "कॅसेटवाले" म्हणायला लागले. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळीसुद्धा कुणीतरी हे काढलं. आणि तुम्ही हॉस्पिटलात होता, शेवटच्या आठवड्यात, तेव्हा चाचा दारापर्यंत आले होते. हातात डाळिंबं होती. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी! मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास, असं स्वतःला समजावलं. खोटं. मला भीती होती की तुम्ही माझ्याकडे पाठ करून मराल.

परवा मुलीनं मला सिनेमाला नेलं. तुमची नात, युनिव्हर्सिटीत आहे, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. म्हणाली, सरप्राइज आहे, जुना ब्रिटिश सिनेमा पुन्हा लावलाय, सगळे म्हणतात क्रेझी आहे. दुपारचा शो. अंधार झाला आणि टोपीवाला साहेब पोस्टात शिरला. आजूबाजूची पोरं हसून खुर्चीवरून घसरत होती आणि मी मनात मोजत होतो. या जागी निकाह होता, या जागी आपाला मामी धरून आणत असतील, या जागी ती बोलली असेल. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "डॅड, व्हाय वेअर यू क्रायिंग? इट्स अ कॉमेडी." तिला मी सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. ती थिएटरच्या पायरीवरच बसली. मग म्हणाली, "इज ही अलाइव्ह? दॅट चाचा?" म्हटलं, आहे, अजमानला असतो, व्हिसा कॅन्सल झाला, रविवारी कायमचा गावी चाललाय. "देन यल्ला, डॅड. व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

आज शनिवार. मुलगी खाली गाडीतच थांबली. चाचांच्या खोलीत बॅगा उघड्या पडल्या होत्या, खोक्याला दोरी बांधून वर मार्करनं नाव लिहिलेलं. ते एवढेसे झालेत, अब्बा. मला बघून म्हणाले, "बरा आलास. ती बॅग घेऊन काट्यावर उभा राहा, मला झेपत नाही." आपण सगळे असंच करतो ना, आधी आपलं वजन, मग बॅगेसकट, मग वजाबाकी. मी आधी नुसता, मग बॅग छातीशी धरून काट्यावर उभा राहिलो. चाचा वाकून आकडा बघत होते. आणि मी वरूनच म्हणालो, "चाचा, ती कॅसेट मी पुसली होती."

ते वाकलेलेच राहिले. मला उतरावं की नाही कळेना. बॅगेनं हात भरून आले. मग ते म्हणाले, "वजा जाता तेहेतीस. तीन किलो काढायला लागतील." खाली बसून त्यांनी एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. साबण, टॉर्च, नातवाचे बूट. मी माफी मागत होतो, ते ऐकत होते की नाही देव जाणे. शेवटी म्हणाले, "तू तेरा वर्षांचा होतास. पोर घाबरतं, खोटं बोलतं. तुझं सोड. त्याला कसं वाटलं रे मी असं करीन? वीस वर्षं एका ताटात जेवलो आम्ही." अब्बा, हे उत्तर तुमच्याकडे आहे आणि तुम्ही नाही. तुमच्या वतीनं काही बोलावं तर काय बोलू? तुम्हालाच विचारतो, तुम्हाला कसं वाटलं?

मग त्यांनी एकच गोष्ट मागितली. "उद्या मी गावात उतरणार. तू आत्ता इथून आपाला फोन लाव. माझ्यासमोर." मी लावला, स्पीकरवर ठेवला. आपाला सगळं सांगितलं, मुंग्यांपासून लाल बटणापर्यंत. मग ती म्हणाली, "मी अब्बांना काय बोलले होते, तेच आता मला आठवत नाही रे. आठवायचा खूप प्रयत्न केला मी." आणि मग, "चाचा आहेत का तिथं? चाचा, उतरलात की पहिला चहा माझ्याकडे. मी स्टँडवर येते, सगळ्यांसमोर घेऊन जाते तुम्हाला." चाचांनी फोन माझ्या हातातून घेतला. नुसता कानाला लावून बसले.

निघताना दारात त्यांनी विचारलं, "त्या टोपीवाल्याचं पुढे काय झालं? त्या दिवशी तू पुढे पळवलंस." मी सांगितलं, काही नाही होत, तो फळीवरच राहतो, न्यायला कुणी येत नाही. ते म्हणाले, "आणि लोक याला हसतात?" मी म्हटलं, हो, खूप.

हे पत्र कुठं टाकणार? इथल्या कब्रस्तानात तुमची कबर आहे, तिथं नेऊन वाचण्याइतकी माझ्यात हिंमत नाही. टेबलाच्या खणात राहील. पण एक गोष्ट राहिलीय, ती मी मुलीला सांगितली नाही, चाचांनाही नाही. त्या शुक्रवारी साहेबानं मिशी काढून ठेवली आणि वजन वाढलं, तेव्हा आता आपण पकडले जाणार हे मला कळत होतं आणि तरी मला हसू फुटलं. आवरेना. मी उशीत तोंड खुपसलं आणि माझे खांदे हलायला लागले. तुम्हाला वाटलं, आपाच्या निकाहाच्या जागी भलतंच लागलं म्हणून पोरगा रडतोय. तेवढ्या माणसांत तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात, पाठीवर हात फिरवत म्हणालात, "रडू नको बाळा, तुझी काय चूक?" आणि मी उशीत हसतच होतो.