चातुर्मासातला कांदा

४ जुलै, शुक्रवार. सांगली.

कांदेनवमी! भजी, कांद्याचं थालीपीठ, पातीची पीठ पेरून भाजी, वर कच्ची कोशिंबीर — चापून खाल्लं. हे बघतच राहिले. "उमा, अगं पोट बिघडलंय ना तुझं?"

बिघडलंय म्हणूनच! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इतकी अँटिबायोटिक्स झाली की पोटातले चांगले जिवाणूही मेले. मिरजेच्या डॉक्टर प्रांजल म्हणाल्या, "कांदा, लसूण, कच्चं केळं, कडधान्यं — यातलं जे आपल्याला पचत नाही, ते त्या जिवाणूंचं अन्न. ते मिळालं की वाढतात." आणि परवा एकादशीपासून चार महिने आमच्याकडे कांदा-लसूण बंद. म्हटलं, आजच बेगमी करून ठेवावी.

५ जुलै

पोटाचा नगारा. दिवसभर आडवी. ह्यांचा निकाल तयारच — "हावरटपणा, दुसरं काय!"

७ जुलै, सोमवार

डॉक्टर खो खो हसल्या. "काकू, जिवाणूंच्या जेवणाची बेगमी कशी होईल? थोडं थोडं, पण रोज द्यायचं. एकदम पंगत वाढलीत तर गॅस होणारच."

घरी आल्या आल्या सांगून टाकलं — यंदा मी चातुर्मास पाळणार नाही. हे भडकले. "आईनं शेवटपर्यंत पाळला. नुसतं केळं खा की!" केळं खाईन. कांदाही खाईन. पोट माझं आहे.

९ जुलै

ह्यांनी माझ्या हातचं जेवण सोडलं. ह्यांच्या वहिनींकडून डबा येतो. येऊ दे! वाईट वाटलं, फार वाटलं. तरी अर्धा कांदा चिरलाच.

२ ऑगस्ट

पोट शांत. सकाळी चक्क भूक लागली!

२० ऑगस्ट, बुधवार

डॉक्टर खूश. "सावरलात. आता काही दिवस कांदा नसला तरी ज्वारी, डाळी, केळ्यावर भागेल." हे शेजारीच बसलेले. बाहेर आल्याबरोबर वहिनींना फोन — "उद्यापासून डबा नको. हिचं औषध संपलं."

मला कुणी विचारलंच नाही.

२१ ऑगस्ट

ताटात कांदा घेतला. हे — "आता कशाला? बरी झालीस ना?"

"आवडतो मला."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं.