पाचव्या तबकडीतल्या घंटा

रविवार, १४ मार्च
दुपारचे तीन

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरा असशील असं धरून चालते. ‘तू’ लिहू की ‘तुम्ही’, यातच दोन कागद फुकट गेले. तेरा वर्षं भेट नसली की काकाचा ‘तुम्ही’ होतो का, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आणि मला जे काही शिकवलं ते बाबांनी आणि तूच, त्यामुळे चुकलंच तर निम्मी चूक तुझी.

आईच्या शिवणवर्गात आता अठराजणी येतात. गुडघा कुरकुरतो, पण जिना सोडत नाही. बाबांच्या खोलीत अजून तेच लांब टेबल, त्यावर पोट फाडून ठेवलेले अ‍ॅम्प्लिफायर आणि डाखाचा वास. गिऱ्हाइकं कमी झालीत. मी ग्रंथालयात ध्वनिविभागात काम करते. जुन्या तबकड्या पुसायच्या, वाजवून बघायच्या, त्यांची नोंद करायची. प्रत्येक नोंद मी तीनदा तपासते. आमच्या प्रमुखबाई म्हणतात, “तुझ्या हातून चूक होत नाही गं, फक्त उशीर होतो.”

बाई चुकतात. चूक होते आणि उशीरही होतो. तेच लिहायला बसले आहे, पण आधी थोडं मागचं लिहू दे. तेवढीच हिंमत येईल.

बारा वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नाही, छातीच्या दुखण्यामुळे. सकाळी बाबा गणित आणि वीज शिकवायचे. दुपारी तू शाळांचे पियानो सुरात लावून परत आलास की उरलेलं सगळं जग शिकवायचास. अपूर्णांक मी तुझ्या बोटांवर शिकले. तू टेबलावर सातचा ठेका धरायचास, मी त्यावर चारचा धरायचा, आणि दोघं पुन्हा एकत्र कधी येणार ते आधी सांगायचं. सांगता आलं नाही तर तू म्हणायचास, “घाई नाही. आपल्या तबकड्यांवरची माणसंसुद्धा एका गाण्याला वीस मिनिटं घेतात.” इतिहास म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तर ते अठ्ठ्याहत्तर. पुढे खऱ्या शाळेत गेले तेव्हा कळलं, की या दहा वर्षांच्या मागे-पुढेही काही घडलेलं आहे.

आणि रविवार! जेवण झालं की तुमचं कोर्ट भरायचं. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, त्या लांबलचक विलायती गाण्यांच्या, सोन्यासारख्या काळात सगळ्यात पडती वर्षं कोणती? बाबांचं म्हणणं सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर. “घाबरले रे ते, धाकट्या. केस कापले, गाणी कापली, जगाला विचारायला लागले की आता आवडतंय का.” तुझं म्हणणं चौऱ्याहत्तर. “दादा, घाबरलेला माणूस निदान ऐकून तरी घेतो. चौऱ्याहत्तरला ते माजले होते. तबकड्यांच्या चार-चार बाजू भरायच्या आणि गुणगुणायला एक ओळ नाही.” मग बाबा म्हणायचे, “माज असायला आधी काहीतरी असावं लागतं.” आई मापाची पट्टी गळ्यात घालून दारातून जायची आणि म्हणायची, “ती माणसं केव्हाच भांडून, मिटवून, नातवंडं खेळवत बसलीत. तुमचं अजून मिटेना!”

फडताळावर तबकड्या सालवार लावलेल्या होत्या, आणि मध्ये तो पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर तुझ्या अक्षरात ‘इथून घसरण’. त्या रविवारी जो जिंकेल त्याने तो सरकवायचा. निकाल देणार मी. पंचबाई. पंचाचा शब्द शेवटचा, फेरतपासणी नाही, हा नियम तूच केला होतास. “ही पोरगी खोटं बोलत नाही,” तू पाहुण्यांना सांगायचास, “हिला येतच नाही.” ते ऐकून मला कधी आनंद झाला नाही, भीतीच वाटायची. आपल्या अंगावर फार महागाचं काहीतरी ठेवलंय आणि ते सांडेल, अशी.

तो शेवटचा रविवार तुला आठवत असेलच. दातांचे डॉक्टर त्यांची तबकड्यांची पेटी घेऊन आले होते. तुम्ही दोघांनी कधी न ऐकलेली, फारशी कुणाला माहीत नसलेल्या वाद्यवृंदांची. ठरलं असं, की पडद्यामागून मी आठ तबकड्या वाजवायच्या, साल सांगायचं नाही, तुम्ही दहापैकी गुण द्यायचे आणि शेजारी एक ओळ लिहायची. मग तो पुठ्ठा डिंकाने कायमचा चिकटवायचा. डॉक्टर खुर्चीत बसून हसत होते, म्हणाले, “मी रोज लोकांची तोंडं उघडी ठेवतो, पण इतकी बडबड नाही ऐकली.”

पाचवी तबकडी चौऱ्याहत्तरची होती. बाबांनी दोन गुण दिले. लिहिलं, ‘मध्ये तीन मिनिटं नुसती शांतता. कल्पना संपल्या.’ तू नऊ दिलेस. चौऱ्याहत्तरला, तू! लिहिलंस, ‘मध्ये बारीक घंटा. डावीकडे, फार मागे. असं काही मी आजवर ऐकलं नाही.’

मी दोन्ही चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. बाबा म्हणाले, “कसल्या घंटा?” तू म्हणालास, “अरे, तीन मिनिटं वाजतायत!” आणि मग दोघंही माझ्याकडे वळलात. तू विचारलंस, “पंचबाई, तिथे काय होतं?”

काका, मी अजूनही इथे थांबते. आताही उठून पाणी पिऊन आले.

घंटा होत्या. उंच, बारीक, एकीमागून एक, जणू लांबच्या एका खोलीत कुणीतरी चमचे पुसून ठेवतंय. मी पडद्यामागे उभी होते तरी मला स्वच्छ ऐकू आल्या.

पण त्या वेळी मी पडद्याच्या फटीतून बाबांकडेही बघत होते. ते पुढे झुकले होते, कानामागे तळवा धरून. आदल्या महिन्याभरात दोनदा दारावरची घंटा वाजली आणि बाबा उठले नाहीत. किटलीची शिट्टी आई ओरडेपर्यंत चालू राहायची. एक गिऱ्हाईक अ‍ॅम्प्लिफायर परत घेऊन आलं होतं, म्हणालं, “आवाज चिरका येतोय हो, कानात सुई गेल्यासारखा.” बाबांनी त्याचे वरचे सूर स्वतःला नीट ऐकू येईपर्यंत वाढवून ठेवले होते. मी कुणाला बोलले नव्हते. बारा वर्षांच्या मुलीने हे ओळखलं आणि मनात घडी घालून ठेवून दिलं.

तू प्रश्न विचारलास आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर चुकलंय की बरोबर, हे न कळून मी त्यांच्याकडे बघायचे ना, तसं.

मी म्हणाले, “नाही. तिथे काहीच नव्हतं.”

तू वाद घातला असतास तर बरं झालं असतं. तू पुन्हा वाजवा म्हणाला असतास तर मी पकडली गेले असते. पण नियम तुझा होता. तू करंगळी कानात घालून हलवलीस आणि हसून म्हणालास, “पंचबाईंचा निकाल! म्हणजे माझेच कान वाजतायत.” आणि बाबा, सुटल्यासारखे होऊन, फार मोठ्याने म्हणाले, “कान वाजणाऱ्याच्या हाती लोक पियानो देतात, कमाल आहे!” डॉक्टरही हसले. संध्याकाळी ते पेटी घेऊन गेले.

मला वाटलं होतं, फार तर पुठ्ठा चुकीच्या जागी चिकटेल.

नंतरचे दोन महिने मी पाहिले आहेत. शाळेच्या सभागृहातला पियानो तू एकाच आठवड्यात दोनदा लावलास. घरी ट्यूनिंग फोर्क, तो सूर देणारा दोन दातांचा काटा, गुडघ्यावर ठोकून कानाशी धरायचास आणि मला विचारायचास, “पंचबाई, एकच सूर येतोय ना? मागे आणखी काही नाही ना?” मी ‘एकच’ म्हणायचे. ते खरं होतं. पण त्याआधीचं खरं मी तेव्हाही सांगू शकले असते. मग एक दिवस तू परगावी त्या छापखान्यात नोकरी धरलीस, यंत्रांच्या धडधडाटात, जिथे कानांचं कुणाला कामच नाही. फोर्क टेबलाच्या खणात राहिला. तू गेल्यावर आई म्हणाली, त्याला बदल हवा होता. बाबा म्हणाले, हट्टी आहे. मी काही म्हणाले नाही.

आता हे पत्र आजच का, ते सांगते.

डॉक्टर वारले. त्यांची पेटी त्यांच्या मुलीने ग्रंथालयाला दिली आणि मंगळवारी ती माझ्याच टेबलावर आली. पाचवी तबकडी मी तीनदा वाजवली. सवय. तिन्ही वेळा घंटा होत्या.

बुधवारी बाबांना कानाच्या तपासणीला नेलं. आम्ही ज्याला वर्षानुवर्षं ‘लक्ष नसतं’ म्हणत होतो त्याचा एक आलेख निघाला. डावीकडे रेघ सरळ जाते आणि मग उजवीकडे एकदम खाली कोसळते. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर लिहून दाखवलं, की वरचे सूर गेल्याला बरीच वर्षं झाली असावीत. बाबा त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “इथून घसरण.” हसले. घरी येताना बसमध्ये त्यांनी विचारलं, “धाकट्याने त्या दिवशी काय ऐकलं होतं गं? कसल्याशा घंटा ना?”

आणि मी म्हणाले, “आठवत नाही.”

तेव्हा कळलं, की हे आपोआप थांबणार नाही.

*

साडेपाच वाजले. इथवर लिहून मी हे कागद बाबांना वाचायला दिले. हल्ली त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागतं, आणि अशी गोष्ट ओरडून सांगता येत नाही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मी दाराशी उभी होते, बारा वर्षांची असल्यासारखी.

म्हणाले, “तू खोटं बोललीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं.”

मी जवळ जाऊन विचारलं, “कसं?”

“उत्तर देताना तू माझ्याकडे पाहिलंस. नेहमी तू स्पीकरकडे बघून निकाल द्यायचीस. मग मला माझ्याबद्दलही कळलं.” बराच वेळ ते हातातला पेचकस फिरवत राहिले. “बारा वर्षांच्या पोरीच्या आड लपलो. धाकटा दोन महिने घरात तो काटा ठोकत फिरत होता आणि मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. आणि सत्त्याहत्तरवाल्यांना मी घाबरट म्हणायचो.”

नंतर त्यांनी पेन मागितलं. मागच्या पानाच्या समासातलं अक्षर बघ, ते त्यांचं आहे. ‘धाकट्या, घंटा होत्या. कान माझे गेले होते, तुझे नाही. अठ्ठ्याहत्तर तरीही जास्त वाईट. येऊन भांड.’ मी म्हणाले, तिसरं वाक्य खोडा, बरं दिसत नाही. म्हणाले, “तेवढं एक खरं मी बारकाईने ऐकलंय, ते राहू दे.”

पुढच्या महिन्यात त्यांना कानात घालायचं यंत्र मिळेल. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, त्याने बोलणं कळेल, घंटांचं सांगता येत नाही. त्यामुळे पाचवी तबकडी वाजेल तेव्हा शेजारी बसून डावीकडे, फार मागे काय चाललंय ते सांगायला कुणीतरी लागेल. मी सांगू शकेन, पण या बाबतीत माझ्या शब्दावर आता कुणी विसंबू नये. पुठ्ठा मी काढायला गेले, निघाला नाही. तू चांगला डिंक आणला होतास.

तुझी तेरा वर्षं मी परत देऊ शकत नाही, म्हणून क्षमा मागून तुला अडचणीत टाकत नाही. ती द्यायला किंवा न द्यायला तू मोकळा आहेस. मला फक्त एक निकाल फिरवायचा आहे, तुझा नियम मोडून. पत्रासोबत तुझा फोर्क पाठवते आहे. छापखान्यातून बाहेर ये, शांत जागा बघ, गुडघ्यावर ठोक आणि कानाशी धर. जे ऐकू येईल ते आहे, काका. ते तेव्हाही होतं.

पंचपद सोडून, तू सांगशील तेच ऐकायला बसलेली,

तुझी पुतणी