व्हिनेगरची बरणी

३ सप्टेंबर

लोइझो,

तू आणि मुलं खुशाल असाल. माझं बरं चाललंय. गुडघा दुखतो, पण डाळिंबं यंदा छान धरली आहेत.

तुझी बरणी मिळाली. ती आणणाऱ्या माणसाबरोबरच परत पाठवतेय, झाकण उघडलेलं नाही. काळ्या टोपीचे ते एवढेसे पक्षी, डोक्यापायांसकट व्हिनेगरमध्ये एकावर एक दाबलेले. बरणी ओट्यावर होती तोवर मला घास गेला नाही.

तू निरोप धाडलास, "ताई, तुझी बाग इंग्रजांच्या लष्करी तळाच्या कुंपणाला लागून आहे. पाखरांच्या मोसमापुरती दे, जाळी कुणाला दिसणार नाहीत." त्याचं उत्तर देणारच आहे. पण आधी यांना जाऊन वर्ष झालं, त्या प्रार्थनेनंतरचं जेवण.

चर्चमध्ये मी त्यांच्या नावाने गहू वाटत होते. पहाटे उठून शिजवलेले, वर आपल्याच बागेतले डाळिंबाचे दाणे. घरी येऊन पाहते तर टेबलाच्या मधोमध तुझं ताट! उकडलेली पाखरं, ढीगभर. ज्या माणसाने तळाच्या पोलिसात राहून आयुष्यभर तुमची चोरटी जाळी फाडली, त्याच्या प्रार्थनेच्या जेवणात. कॉफीच्या दुकानात तुम्ही त्यांना डिवचायचात, "भाऊजी, इंग्रजांनी तळ राखायला ठेवलंय की आमची पाखरं राखायला?" ते हसून म्हणायचे, "दोन्ही. पगार मात्र एकच." ते हसणं तुला आठवतं का रे?

आणि खाल्लं कुणी? त्यांच्याच ठाण्याच्या लोकांनी. अंगावर गणवेश. सार्जंट वार्नावासने अख्खा पक्षी तोंडात टाकला, हाडं कडाकडा चावली, हनुवटीवरची चरबी मनगटाने पुसली. मी भाकरीची टोपली घेऊन त्याच्यामागेच उभी होते. तो तुला म्हणाला, "लोइझो, मीठ कमी पडलं रे. याकुमीस होता त्या मोसमातली जास्त चांगली होती." तू त्याला टेबलाखालून लाथ मारलीस. तो आणखी हसला. "आता कसली भीती? याकुमीस काय उठून येणार आहे?"

मी टोपली ठेवून मागल्या दाराने अंगणात गेले. तुम्हाला वाटलं, विधवेचं रडू.

त्यांच्या त्या शेवटच्या मोसमात हे पहाऱ्यावर निघायचे आणि जागा रिकामी सापडायची. बांबूंची भोकं ताजी, पिसं पडलेली, जाळं गायब. कुठे जायचं हे फक्त वार्नावासला ठाऊक असायचं. आणि मला. जेवताना ते मला सगळं सांगायचे, लग्नापासूनची सवय. मग एकदा घास हातात धरूनच त्यांनी विचारलं, "रोदू, तुझा भाऊ आज कॉफीला आला होता?"

मी म्हटलं, "आला होता."

त्यानंतर त्यांनी जेवताना कामाचं बोलणं बंद केलं. विचारलं तर म्हणायचे, "काही विशेष नाही." मला समजलं होतं त्यांच्या मनात काय आहे. मी रागाने गप्प राहिले. वाटलं, एवढ्या वर्षांनी हे सिद्ध करायला लागावं? त्यांना चूक आपोआप कळेल म्हणून वाट पाहिली. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, तळाच्या फाटकावर पहाऱ्याला उभे असतानाच ते कोसळले. लोइझो, माझा नवरा मला चुगलखोर समजून गेला. तुला हे माहीत होतं, आणि बातमी वार्नावास देतो हेही. त्याच वेळी तू माझ्या ओट्याशी बसून माझ्या हातची कॉफी पीत होतास.

आता बागेचं. तुला मिळणार नाही. दुसऱ्या ठाण्याची ती तरुण अधिकारी, आंद्रुल्ला, परवा आली होती. वार्नावास जे बोलला ते मी तिला शब्दन् शब्द सांगितलं, तुझ्या नावासकट. सही केली. बागेच्या फाटकाची किल्लीही तिला दिली. ती विचारत होती, "मावशी, सख्खा भाऊ आहे, नीट विचार केलात ना?" म्हटलं, केला.

चौकशीचं पत्र यायच्या आत एक काम कर. दफनभूमीत जा, त्यांच्या दगडाशी उभा राहा आणि मोठ्याने सांग की बातमी फोडणारी रोदू नव्हती. मी रोज सांगते, पण माझ्यावर विश्वास त्यांनी आधीच सोडला होता. तू खोटं बोलतोस की खरं, ते मात्र त्यांना तोंड बघून कळायचं.

ते केल्याशिवाय माझ्या दारात येऊ नकोस. आलास तरी कॉफी मिळणार नाही.

याकुमीसची बायको,
रोदू