पुष्पावहिनीचं गळलेलं नाव

४ फेब्रु., सोम.
अंगणवाडी मदतनीस भरतीची यादी साइटवर लागली. साहेबांना ती एक्सेलमध्ये हवी, मुलाखतीचे मेसेज त्यावरूनच जाणार. एवढी नावं हातानं कोण टिपणार? पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडून रेजेक्स लिहिला, मजकूर शोधून उचलायचा पॅटर्न: साधा टीडी टॅग, म्हणजे तक्त्यातल्या खान्याची खूण, दिसला की पुढचं नाव उचल. दहा मिनिटांत यादी तयार. स्वतःवर जाम खूश.

५ फेब्रु.
आंबागडहून पुष्पावहिनीचा फोन. चुलतभावाची बायको. वयात बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष.
"भाऊजी, माह्यं नाव आलं का जी? तुमी हापिसातच आहा, मी कायले तुमसरले जाऊन पाहू?"
आमच्याकडे हे असंच. गावचा एक माणूस ऑफिसात असला की बाकीचे डोळे मिटून मोकळे. माझ्या एक्सेलमध्ये शोधलं. नाही म्हणून सांगितलं.

११ फेब्रु.
मुलाखती आटोपल्या.

१३ फेब्रु., बुध.
दुसऱ्या कामाला तेच पान उघडलं. वहिनीचं नाव आहे! पिवळ्या खान्यात. आक्षेप मान्य होऊन यादीत घेतलेली सात नावं अशी पिवळ्यात. रंग टॅगमध्येच लिहिलेला, म्हणजे टॅग साधा राहिला नाही, आणि माझ्या दीडशहाण्या पॅटर्ननं सातही जणींना वगळलं. त्या दिवशी पानावर एक नजर टाकली असती तर... लाज वाटते.

१४ फेब्रु.
साहेबांना सांगितलं.
"कोनाले माहीत आहे? नाही ना? मंग कायले बोंबलून राहिला? तुही कंत्राटाची ऑर्डर मार्चपर्यंतच आहे ना?"
हात दाखवून अवलक्षण.

१७ फेब्रु., रवि.
आंबागड. सांगायलाच गेलो होतो. वहिनीनं चहा ठेवला.
"जाऊ द्या जी. तुमी पाहलं तरी. दुसऱ्यानं फोनही उचलला नसता."
कप खाली ठेवला. नाव यादीत होतं, एवढंच बोललो. कसं सुटलं ते नाही.
"म्हन्जे कोनाची तरी चूक झाली म्हना."
"हो."
भेकड साला मी.
तक्रारीचा अर्ज करा म्हणालो, मुदत मंगळवारपर्यंत. लिहायलाही मीच बसलो. अर्धा झाला नव्हता तर तिनं खाली सही करून टाकली. वाचा म्हटलं तर हसली. "तुमी लिवलं म्हन्जे बराबरच असन."
अर्ज बॅगेत आहे. चूक कोणाची, ती ओळ अजून लिहिलेली नाही.