पिवळा बल्ब

मंगळवार, संध्याकाळ. जळकोट

नात नांदेडला, निळ्या दिव्याखाली. सुमन, माझी लेक, तिच्यापाशी. अजून निरोप नाही. जिल्हा नवा झाला, आमचं गाव लातुरात गेलं. डॉक्टर मात्र म्हणाले, नांदेडच गाठा. निळा प्रकाश कातडीत शिरून कावीळ उतरवतो म्हणे. उतरवेल ना?

तो पिवळा बल्ब! बाळंतिणीच्या खोलीची खिडकी माझ्या आत्याने पोत्याने बुजवलेली. दुष्काळाची धूळ, वर बारशापर्यंत लेकराला ऊन दाखवायचं नाही. सकाळी सुमन म्हणाली, "बाबा, ही दूध ओढंना. नुसती झोपून राहिली." वाकून पाहिलं. त्या बल्बखाली मी पिवळा, आत्या पिवळी, भिंतही पिवळी. कावीळ ओळखायची कशी?

पोतं काढा म्हणालो. उजेडाचाच रंग अंगावर दिसतो, हे आवाज चढवून समजावलं. आत्या म्हणाली, "ही सभा न्हाई रे. इथं टाळ्या वाजत न्हाईत." भाषणांनी चौक हलवणारा मी, मला एक पोतं हलवता आलं नाही.

सुमनच उठली. लेकरू घेऊन थेट अंगणात, उन्हात उभी राहिली. आत्या पदर धरायला मागे धावली, आणि तिथेच थबकली. "अगं माय, हळदीवानी झालंय गं!" मग माझ्यावरच ओरडली, "उभा काय राहिलास? जीप बघ!"

आत्ता खोलीत अंधारून आलंय. पोतं आत्यानेच काढून टाकलंय. मी बल्ब लावायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ती आली की दिवसाच बघू तिचा रंग."