डेन्मार्कचा पाहुणा

३ नोव्हेंबर १९७९, एकोडी

सुमनताई आली. डेन्मार्कला गेल्यापासून ही तिसरी खेप. साकोलीच्या स्टँडवर घ्यायला गेलो. या वेळी बॅग एकच, तीही हलकी. मायने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच रडायला लागली. ताई रडली नाही. तिकडच्या थंडीत ही सवय मोडत असावी.

संध्याकाळी अख्खी आळी ओसरीवर. तिकडे काय करते, हा प्रश्न सगळ्यांचा. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, जेवायला बसवायचं. पगार नगरपालिकेचा. लोकांना पटेना. दुसऱ्याच्या बापाला आंघोळ घालायला सरकार कशाला पैसे देईल, असं जो तो म्हणतो.

५ नोव्हेंबर

शाळेत का. सर पेटलेले. (कापगते, नागरिकशास्त्र. रागाचे बाकी सगळे विषय त्यांचेच.) रोजगार हमीसाठी पगारातून कर कापला जातो, त्या पैशाने लोक माती टाकतात, ती पावसाळ्यात वाहून जाते, वगैरे. मी म्हटलं, सर, डेन्मार्कात निम्मा पगार कापतात. सर म्हणाले, मग तिथे रोज मोर्चे निघत असतील.

घरी येऊन ताईला विचारलं. मोर्चे नाहीत, कोणी कुरकुरतसुद्धा नाही. दवाखाना फुकट, शाळा फुकट, आजारी पडलं तर पगार घरपोच, म्हातारपणी माणूस घरपोच. मी चोपडीवर दोन रकाने आखले, इकडे आणि तिकडे. इकडच्या रकान्यात लिहायला फारसं काही सुचेना. माय तांदूळ निवडत होती. म्हणाली, मंग पोरं कायले पाहिजेत? ताई म्हणाली, नाहीच लागत. आणि उठून गेली.

७ नोव्हेंबर

डोकं दुखतं म्हणून माय गोळी शोधायला ताईच्या पर्समध्ये गेली. हाती लागला कोऱ्या रुमालात बांधलेला दगड. करडा, लिंबाएवढा.

आमच्याकडे कोऱ्या कापडातला दगड म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल. माणूस गेला की त्याचा जीव दहाव्यापर्यंत अशा खड्यात राहतो. मायने गाठ परत बांधली आणि विचारलं, "कोन हाये हा?"

ताईने रुमाल हातात घेतला. मग सांगितलं. तिकडचा एक म्हातारा. तीन वर्षं त्याच्या घरी जात होती. गेल्या महिन्यात वारला. मातीला तिघं जण: पाद्री, गाडीवाला आणि ताई. मुलगा दुसऱ्या शहरात, कामाचा दिवस होता. फुलं नगरपालिकेची. खड्डा यंत्राने बुजवला. कोणी पाणी पाजलं नाही, कोणी हाक मारली नाही. निघताना तिने वाकून मातीतला एक दगड उचलला.

"माहा हातच गेला, वसंता. मी इचार नाही केला."

मला हसू आलं. मायकडे पाहिलं आणि आवरलं.

८ नोव्हेंबर

दसरूमामा येऊन गेला. मायचा चुलतभाऊ. गावातल्या कोणाचंही दहावं त्याच्याशिवाय होत नाही. मी म्हटलं, मामा, तो ख्रिस्ती आहे. मामा म्हणाला, "मेल्यावर कायची जात? आनला त आनला. आता वाट दाखवा लागंल." दिवस मोजायचे ते दगड गावात आला तिथपासून.

दगड बाहेरच्या खोलीच्या कोनाड्यात, पुढे दिवा. माय त्याला पाहुणा म्हणते. नाव ताईने सांगितलं, पण मायच्या जिभेला ते झेपलं नाही. मीही यापुढे पा. एवढंच लिहीन.

१० नोव्हेंबर

बाहेरच्या खोलीत एकच खुर्ची, शाळेच्या लिलावात घेतलेली. काल सकाळी ती खिडकीकडे तोंड करून होती. मी भिंतीला लावली. आज पुन्हा खिडकीकडे. मला वाटलं बायकोने, इंदूने फिरवली, तिचा संशय माझ्यावर. कुत्रा त्या दाराशी येतो, थांबतो आणि वळसा घालून परसात जातो. मी भूगोलाचा मास्तर. याचं कारण सापडेल, सापडलं की लिहीन.

१२ नोव्हेंबर

आज दहावं. रीतीप्रमाणे काल दगडापुढे पीठ चाळून वर टोपली झाकली होती. सकाळी मामाने उचलली. पिठावर ज्याचं पाऊल उमटतं त्या योनीत जीव गेला म्हणायचं. मामाने आजवर गाईचं खूर पाहिलं, पाखराचा पाय पाहिला, लेकराचं पाऊल पाहिलं. आज मात्र एका ओळीत गोल गोल ठसे, रुपयाहून थोडे लहान. कशाचे म्हणावेत ते मामालाही कळेना.

ताई उंबऱ्यावरच बसली. पा. काठी घेऊन चालत असे. काठीच्या टोकाला रबराचं टोपण. हे तिने आम्हाला कोणालाही सांगितलं नव्हतं.

मी उंदीर म्हणालो. उंदीर असा चालत नाही हे मलाही कळतं.

मग तलावाच्या पाळीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या पळसावर येऊन बसले, एकही खाली उतरेना. मामाने विचारायला सुरुवात केली. जीव कशात अडकला ते ओळखून शब्द द्यायचा, मग कावळा शिवतो. जमिनीचा वाद? जमीनच नव्हती. कोणाचं देणं? नव्हतं. पोराचं लग्न? झालं, मोडलं, दुसरं झालं. औषधपाणी? फुकट. जेवण? गाडीने घरी येई. घर? हिवाळ्यातही आत गरम राहणारं. एकेक प्रश्न मामा टाकत होता आणि ताई मान हलवत होती. कापणी सोडून आलेले लोक पाळीवर उकिडवे बसून ऐकत होते. असं सुख त्यांनी कोणा मेलेल्याचं ऐकलं नव्हतं. शेजारची सगुणा म्हणाली, असं मरन आमाले भेटावं. कोणी हसलं नाही. मी म्हटलं, कर भरायचा राहिला असेल. त्यावरही कोणी हसलं नाही.

ऊन डोक्यावर आलं. शेवटी ताई पुढे झाली. पिंडापाशी बसून तिकडच्या भाषेत दोन-तीन शब्द बोलली, हळू, लहान मुलाशी बोलावं तसे. सगळ्यात मोठा कावळा तिचं बोलणं संपायच्या आत उतरला.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. लिहून ठेवतो, उद्या नाकारायला नको.

दगड तलावात सोडला.

१४ नोव्हेंबर

खुर्ची आजही खिडकीकडे.

मायने ताईला परसात गाठलं. काय शब्द दिला? ताई टाळत होती. मग बोलली. रोज काम आटोपून ती निघाली की पा. एकच गोष्ट विचारायचा, उद्या येशील ना? ती म्हणायची, उद्या येते. परवा पाळीवर तेच म्हटलं, दुसरं काही नाही.

माय म्हणाली, "मेल्या मानसाले उद्या येतो म्हनलं तू?"

ताई म्हणाली, तिकडे असं काही नसतं. माय म्हणाली, तू तिकडची नाहीस.

१९ नोव्हेंबर

घरात एकच विषय. ताईने जाऊ नये. माय जेवत नाही. मीही ताईला म्हटलं, राहा. साकोलीला दवाखाने आहेत, नोकरी मिळेल. ताईचा हिशेब वेगळा. आणखी काही वर्षं केली की तिकडची पूर्ण पेन्शन. आता सोडलं तर फार थोडी. मी म्हटलं, पेन्शन कशाला, आम्ही आहोत.

"इंदू किती वर्स करंल? पयलं वरीस मनापासून, मंग तोंड पाडून. तिकडं तोंड पाडत नाही कोनी. पगार असते त्याचा."

इंदू दाराआड होती. आत येऊन ‘तसं नाही’ म्हणाली नाही. मला तिचा राग आला, मग वाटलं, खरं बोलणाऱ्या दोघीच आहेत या घरात. माझ्या रकान्यांत हे कुठे बसवायचं कळेना. पान फाडून टाकलं.

२६ नोव्हेंबर

ताई गेली. बस सुटताना माय खिडकीला हात लावून चालत राहिली. नेहमी "पोचल्यावर लिही" म्हणते. आज म्हणाली, "त्यानं बलावलं त जाऊ नको." ताई हसली. मला हसता आलं नाही.

९ जानेवारी १९८०

दुपारी शाळेतून लवकर आलो. बाहेरच्या खोलीत माय जमिनीवर बसलेली, खुर्चीपुढे स्टुलावर कपभर चहा. माय बोलत होती, धानाचा भाव, सगुणाची म्हैस, असंच काही. मला पाहून थांबली नाही.

नंतर विचारलं. म्हणाली, त्याले सोबत पाहिजे न? मी बसतो. इथं जीव रमला त सुमनले कायले बलावंल.

म्हणजे मायने नोकरी धरली. ताई तिकडे करायची तीच, पण बिनपगारी. का. सरांना सांगितलं तर म्हणतील, बघा, कर न कापता काम झालं. सांगणार नाही.

२१ जून १९८१

सरकारने निराधार म्हाताऱ्यांना महिन्याचा पगार सुरू केला आहे. माय गेली होती विचारायला, सगुणासोबत. सगुणाचं नाव घेतलं. मायला म्हणाले, तुझा मुलगा मास्तर. माय खूश होऊन आली. निराधार नाही असा सरकारी निकाल. मला मात्र दिवसभर ताईची आठवण. तिकडे मुलगा मंत्री असला तरी म्हातारीचा पगार चालू असतो. मग मुलगा कामाचा दिवस आहे म्हणून मातीला येत नाही. यातलं कशामुळे काय होतं ते ठरवण्याइतकी अक्कल मला नाही.

चहा रोज चालू. नंतर कपातला गार चहा माय परसात ओतते. आताशा म्हणते, ओतायला कमी उरतो.

२ फेब्रुवारी १९८२

माय सकाळी म्हणाली, सुमनच्या गुडघ्याला लागलं. कोणी सांगितलं? खोलीकडे बोट. मी चिडलो, काहीबाही बोललो. दुपारी ताईचं पत्र आलं. बर्फावर घसरली, गुडघा सुजला. सुट्टी, पूर्ण पगार, स्वयंपाकाला नगरपालिकेची बाई. सगळं व्यवस्थित.

मायला वाचून दाखवलं. तिला नवल वाटलं नाही. मला आता त्या खोलीत एकट्याने बसवत नाही. पेपर तपासायचे तर स्वयंपाकघरात बसतो.

१६ ऑगस्ट १९८३

धानाची रोवणी संपत आली. मायला ताप, हुडहुडी भरते. डॉक्टर हिवताप म्हणाले. अंथरुणातून उठता येत नाही तरी धडपडते, चहा नेऊन दे म्हणते. इंदू म्हणाली मी त्या खोलीत जाणार नाही. मला म्हणाली, तुम्ही जा. मी होय म्हणालो आणि गेलो नाही.

२३ ऑगस्ट

ताप उतरला. माय भिंतीला धरून स्वतःच बाहेरच्या खोलीत गेली. खुर्ची भिंतीला लागलेली होती. मी लावली नाही, इंदूने नाही. कुत्रा उंबरा ओलांडून आत निजलेला.

माय म्हणाली, "गेला तो. वाट पाह्यली न् गेला."

नंतर म्हणाली, सुमनले तार कर.

२५ ऑगस्ट

तार केली. मग साकोलीच्या पोस्टात ट्रंक कॉल लावला. सकाळपासून बसलो, दुपारी लागला. पलीकडे घंटी वाजत होती, स्पष्ट, शेजारच्या खोलीत वाजावी तशी. कोणी उचलला नाही. तारमास्तर म्हणाले, कामावर असतील. मी वेळेचा फरक काढला. तिकडे सकाळ, ती कामावरच असणार. भूगोल कामाला आला, पण धीर आला नाही. मला बहिणीची काळजी वाटते आहे, दुसरं काही नाही. पा. तिकडे मेला तेव्हा मुलाला कळवायला निदान ताई होती.

२८ ऑगस्ट, रविवार

तारेला उत्तर नाही. आज पोस्ट बंद.

जेवणानंतर पडलो होतो. मायची हाक आली, बाहेरच्या खोलीतून. आवाज कितीतरी दिवसांनी ठणठणीत. इंदूला सांगत होती, चहा ठेव.

खोलीत डोकावलो. खुर्ची खिडकीकडे. माय तिच्या नेहमीच्या जागेवर नव्हती. ती जागा झाडून तिथे सतरंजी घातली होती आणि माय स्वतः सरकून दाराशी बसली होती. माझ्याकडे पाहून तिने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल. लांबून आली, थकली हाये."

इंदूने चुलीपासून विचारलं, किती कप? माय म्हणाली, दोन, एकात साखर नको टाकू.

आमच्या घरात बिनसाखरेचा चहा एकटी ताईच पिते, तिकडे गेल्यापासून. इंदू पातेलं हातात घेऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली.  थोड्या वेळाने तिने चहाला आधण ठेवलं.