सुजितला धडा, छप्पन्न किलोंचा

२ मार्च, सोमवार.
सेफ्टी वीकनिमित्त कंपनीत जुन्या बॅटऱ्या गोळा करायची स्पर्धा. ज्या डिपार्टमेंटचं वजन जास्त, त्याचा कॅप्टन वर्षभर गेटवर सेफ्टी मार्शल. स्टोअर्सचा कॅप्टन मी. सर्क्युलर दोन पानी. पहिलं वाचलं. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दुसरं वाचावं लागत नाही.
सध्याचा मार्शल क्वालिटीचा सुजित. जानेवारीत माझ्या हेल्मेटचा पट्टा सैल म्हणून त्याने मला गेटवर अडवलं आणि अख्ख्या फर्स्ट शिफ्टसमोर सुरक्षेची शपथ मोठ्याने वाचायला लावली. मी डूख धरत नाही. फक्त आता गेटवर मी असेन आणि शपथ तो वाचेल. दोनदा.

४ मार्च.
सुजितची माणसं घड्याळातले, रिमोटमधले सेल आणतायत. तो प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी लावून बरणीत टाकतो. लोणचं घालतोय जणू. आमच्या कुसुमताईंनीही तीन सेल आणले. चिल्लर नको म्हणून परत पाठवले.

५ मार्च, गुरुवार. वीकली ऑफ.
महाळुंग्यात बरकतभाईच्या बॅटरीच्या दुकानात गेलो. ट्रकच्या चार जुन्या बॅटऱ्या आठवड्यापुरत्या मागितल्या. तो म्हणाला, राव, आता प्रत्येक जुनी बॅटरी नोंदवून परत पाठवावी लागते, उसनी द्यायला ती काय साखर आहे? सुजितने त्याला फितवलेलं दिसतंय.
घरी येऊन पडलो. इन्व्हर्टरकडे नजर गेली.

७ मार्च.
इन्व्हर्टरची बॅटरी काढली. योगिनी म्हणाली, अहो, चांगली चालतेय ती. म्हटलं, तीन वर्षांची झाली, आज ना उद्या बंद पडणारच. बायकांना लांबचं दिसत नाही. स्कूटीवरून नेताना ॲसिड सांडलं, पँटला तीन भोकं. किरकोळ. काट्यावर छप्पन्न किलो! क्वालिटीची बरणी नऊ. दुपारी रिसायकलिंगची गाडी येऊन बॅटरी घेऊन गेली. सुजितसमोर उभं राहून पावतीने वारा घेतला.

१० मार्च.
दुसऱ्या पानावर लिहिलंय म्हणे: इन्व्हर्टरच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्या दुकानदार परत घेतातच, त्या धरायच्या नाहीत. कचऱ्यात जाणारे छोटे सेलच मोजायचे. स्टोअर्स: शून्य. कुसुमताई तीन सेलांबद्दल बोलल्या, सगळ्यांसमोर. बॅटरी परत मागितली, तर ती रिसायकलिंगला गेली, आता मिळायची नाही. सुजित पुन्हा मार्शल. त्याचं वर संधान आहे. सोडणार नाही.

१२ मार्च, गुरुवार.
सकाळी नऊपासून लाईट नाही. आमच्या कुरुळीत गुरुवारी बहुतेक नसतेच. योगिनी परवापासून बोलत नाही. खिडकीशी बसून सुजितविरुद्ध तीन पानी तक्रार लिहिली. घामाने शाई पसरली.
अकराला टेम्पो आला. सुजित उतरला. भावाच्या बंद दुकानातली बॅटरी आणली होती. म्हणाला, भाऊ, वहिनींना उकाड्यात कशाला त्रास, नवी येईपर्यंत वापरा. उचलण्याआधी मला हातमोजे घालायला लावले. घातले. योगिनीने त्याला पोहे केले, चहा केला. मला त्याची बशी उचलायला सांगितली.
पंखा फिरायला लागला. तक्रार उशाखाली ठेवली आणि सुजितच्या बॅटरीवर साडेपाचपर्यंत गाढ झोपलो.